दोनच किलोमीटर, पण घाम काढणारे: छोट्या अवघड ट्रेलवर माउंटन बाइक चालवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ज्या ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, इतकी वर्षं माउंटन बाइक चालवतोय ती जेमतेम दोन किलोमीटरची आहे. नवा माणूस आला की आधी विचारतो, "एवढीच?" मग पाऊण तासाने गुडघ्याची माती झटकत उरलेले प्रश्न विचारतो. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या जागांवर मी स्वतः जास्त वेळा पडलोय.

मी रस्त्यावर एका दमात पन्नास किलोमीटर करतो. दोन किलोमीटरमध्ये अवघड असं काय असणार?

थोडं गणित करू. समजा दोन किलोमीटरमध्ये एकूण १२० मीटर चढ आहे. सरासरी काढली तर ६ टक्के, म्हणजे फार काही नाही. पण तो चढ सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो बहुतेक दोन-तीन तुकड्यांत साठलेला असतो. हे तुकडे मिळून ६०० मीटर भरले, तर तिथला चढ होतो २० टक्के. त्यात सुटी खडी, मधे एखादी पायरी आणि पायरीच्या डोक्यावरच वळण.

लांब ट्रेलवर अवघड जागेनंतर सपाट पट्टा येतो. तिथे श्वास परत मिळतो, हाताची पकड सैल होते आणि डोकं ताळ्यावर येतं. छोट्या ट्रेलवर ही उसंत मिळत नाही. एका अडचणीतून निघताना तुमचा तोल थोडा गेलेला असतो, आणि त्याच गेलेल्या तोलावर पुढची अडचण येऊन आदळते. रस्त्यावरचा दम कामाला येतोच, पण तो पुरत नाही.

ट्रेल किती अवघड आहे हे ठरवायची काही पद्धत आहे का?

आहे. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग संघटना, म्हणजे 'इम्बा', १९८८ मध्ये स्थापन झाली. तिने स्कीइंगच्या उतारांवरून घेतलेली खुणांची पद्धत बरीच रुळली आहे: पांढरं वर्तुळ सगळ्यात सोपं, मग हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा चौकट-हिरा आणि शेवटी दोन काळे हिरे. वाटेची रुंदी, पृष्ठभाग, सरासरी आणि कमाल चढ, आणि वाटेत येणारे अडथळे यांवरून खूण ठरते. उदाहरणार्थ, निळ्या ट्रेलवर टाळता न येणारा अडथळा साधारण २० सेंटीमीटर उंचीपर्यंत, तर काळ्यावर ३८ सेंटीमीटरपर्यंत चालतो.

ही खूण वाटेचा अवघडपणा सांगते, तुमची किती दमछाक होईल ते सांगत नाही. म्हणून दीड किलोमीटरची ट्रेलही काळी असू शकते आणि वीस किलोमीटरची हिरवी. पाटीच नसलेल्या ट्रेलवर मी एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात वाईट जागेला बगल देणारी सोपी वाट आहे का? नसेल, तर ती एक जागा जितकी अवघड, तितकी अख्खी ट्रेल अवघड समजायची.

एवढ्याशा वाटेवर पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून काही शिकायला मिळतं का?

हा खेळच मुळात एका छोट्या वाटेवर आकाराला आला. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ 'रिपॅक' नावाचा एक उताराचा कच्चा रस्ता आहे. लांबी साधारण साडेतीन किलोमीटर आणि उतार सुमारे ४०० मीटर. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. जुन्या, जाड टायरच्या सायकली, आणि ब्रेक मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला, पेडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून नवीन ग्रीस भरावं लागे, म्हणजेच 'रिपॅक' करावं लागे. नाव तिथूनच आलं. पुढे तिथल्या शर्यतींत गॅरी फिशर या सायकलपटूने ती वाट ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरली. त्याचा सोबती जो ब्रीझला त्याहून दोन सेकंद जास्त लागले. हे लोक त्याच त्या चार-पाच मिनिटांच्या वाटेवर सायकली मोडत होते आणि सुधारत होते. त्यातूनच ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी खास नवी फ्रेम बांधली.

त्यामुळे वाट छोटी आहे ही तक्रार मला पटत नाही. एकाच दगडावर एका सकाळी दहा वेळा जाता येणं ही चैन लांब ट्रेलवर मिळत नाही.

पहिल्या दिवशी सुरुवात कुठून करू?

पायी. हे कोणालाच आवडत नाही, पण सायकल खाली ठेवा आणि पूर्ण वाट चालून या. जमलं तर उलट दिशेनेही चाला, कारण खालून वर बघताना पायरीची खरी उंची दिसते. वरून ती नेहमी कमी वाटते.

चालताना दगडांकडे बघा. आमच्या ट्रेलवर एक गुडघाभर उंचीचा खडक आहे. त्याच्या उजव्या कडेवर पांढरे, समांतर ओरखडे आहेत आणि डाव्या बाजूला टायरच्या रबराचा काळपट पट्टा. मी पहिले कित्येक आठवडे उजवीकडून जात होतो, कारण तिकडून वाट सरळ दिसते. दर वेळी पुढचं चाक चढायचं आणि पेडलांजवळची चेनची चक्री दगडाला खरकन घासायची. एकदा नुसता तिथे बसलो असताना लक्षात आलं, पांढरे ओरखडे हे माझ्यासारख्यांच्या चक्रीचे आणि पेडलांचे आहेत. काळा पट्टा आहे ज्यांना जमलं त्यांचा. उत्तर दगडावरच उमटलेलं होतं, आणि मी ते सायकलवरून वाचायचा प्रयत्न करत होतो.

चालून झालं की अख्खी ट्रेल एका दमात मारायचा हट्ट नको. वाट मनात तुकड्यांत मोडा. आमच्या ट्रेलवर मी अकरा जागा मोजल्या आहेत. एका दिवशी त्यातली एकच जागा घ्यायची, बाकी ठिकाणी सरळ उतरून चालायचं.

माझ्याकडे साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकर असलेली सायकल आहे. चालेल का?

चालेल. पुढे १०० ते १२० मिलीमीटर दबणारा शॉकर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक आणि सव्वादोन इंचाच्या आसपास रुंद, चांगल्या गुटक्यांचे टायर एवढं असलं की पुरे. मागे सस्पेन्शन असलेली सायकल चुका पोटात घालते. हार्डटेल चूक लगेच कमरेत सांगते. शिकायच्या काळात मला हार्डटेलच बरी वाटते.

खर्च करायचाच असेल तर क्रम असा ठेवा: आधी टायर, मग ब्रेकचे पॅड, मग ड्रॉपर, म्हणजे हँडलवरचं बटण दाबून सीट खाली-वर करणारी दांडी. छोट्या ट्रेलवर चढ-उतार इतके पटापट बदलतात की दर वेळी थांबून सीट कोण खाली करणार? कोणीच करत नाही. मग उंच सीटवरूनच उतारात शिरतात आणि सीट मागून ढकलते.

टायरमध्ये हवा किती ठेवू?

बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त ठेवतात. टायर दगडासारखा कडक असला की तो खडीवर टणाटण उड्या मारतो आणि जमीन पकडत नाही. वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास आणि टायर २.४ इंची ट्यूबलेस असेल, तर पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआयपासून सुरू करा आणि एकेक पीएसआयने बदलत जा. रिम दगडावर ठणकन आपटल्याचा आवाज आला तर थोडी वाढवा. वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला तरी वाढवा.

आत ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्तच हवेत. नाहीतर दगड आणि रिमच्या कचाट्यात ट्यूब सापडते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती.

चढावर पुढचं चाक उचललं जातं. पुढे वाकलो तर मागचं घसरतं. करू तरी काय?

दोन्ही चाकांना वजन हवंय आणि तुम्ही एका वेळी एकालाच देताय. सीटच्या अगदी पुढच्या टोकावर सरका. टोचेल, पण तिथेच बसायचं. कोपरं खाली पाडा आणि छाती हँडलकडे न्या. हँडल वर ओढू नका, मागे आणि किंचित खाली खेचा. उभं राहिलात तर मागच्या चाकावरचं वजन जातं आणि खडीवर ते जागच्या जागी फिरतं.

गिअर आधीच टाका. चढाच्या मध्यावर, पूर्ण जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन करकरते, कधी तुटतेही. आणि सगळ्यात हलका गिअर हाच नेहमी योग्य असतो असं नाही. तो इतका हलका असतो की एका झटक्यात चाक गरकन फिरतं. मी शेवटून दुसरा किंवा तिसरा घेतो.

चढावरची पायरी आली तर पेडल पूर्ण फिरवू नका, खालचं पेडल दगडाला आपटतं. अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, पुन्हा अर्धा फेरा पुढे. करवत चालवल्यासारखं. हे सपाटीवर शिकता येतं, त्यासाठी डोंगर लागत नाही.

उतारावर पुढचा ब्रेक लावला तर तोंडावर पडेन ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. म्हणजे पुढच्या टायरची पकड वाढते आणि मागच्याची कमी होते. तीव्र उतारावर मागच्या चाकावर वजन इतकं थोडं उरतं की नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते लगेच अडकतं आणि घसरायला लागतं. घसरणारं चाक सायकल थांबवतही नाही आणि वळवतही नाही. थांबवण्याचं खरं काम पुढचा ब्रेकच करतो. माणूस तोंडावर पडतो तो पुढच्या ब्रेकमुळे पडत नाही. तो ब्रेक एकदम आवळल्यामुळे पडतो, आणि तेही हात ताठ करून, सीटवर बसून, नजर पुढच्या चाकावर खिळवून असताना.

मग काय करायचं? पेडलवर उभे राहा, दोन्ही पेडल एका पातळीत. गुडघे आणि कोपरं वाकलेली, टाचा थोड्या खाली. वजन पायांवर हवं, हातांवर नको. दोन्ही ब्रेकवर एकेकच बोट, बाकीची बोटं हँडलवर. ब्रेक हळूहळू दाबत न्यायचा, लिंबू पिळताना जोर वाढवतो तसा.

आणि ब्रेक कुठे लावायचा हे तितकंच महत्त्वाचं. टायरची पकड मोजकीच असते. ती थांबण्यावर खर्च केली की वळायला उरत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी, घट्ट मातीवर कमी करायचा. वळणात आणि मुळांवर बोट सैल. वेग निम्मा केला तर थांबायला लागणारं अंतर साधारण चौथाई होतं, हे लक्षात ठेवलं की उशिरा ब्रेक मारायची खुमखुमी कमी होते.

लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला तर तो तापून निकामी होऊ लागतो. छोट्या ट्रेलवर ती वेळ सहसा येत नाही. रिपॅकवाल्यांवर आली, कारण त्यांचा सगळा भार एका हबवर होता.

केसाच्या पिनेसारखी वळणं जमतच नाहीत.

कारण तुम्ही दरीकडे बघताय. सायकल नजरेमागे जाते. वळणात शिरायच्या आधीच हनुवटी वळवून पलीकडची वाट बघा, अगदी मान दुखेपर्यंत. बाहेरच्या कडेने रुंद शिरा, बाहेरचं पेडल खाली ठेवून त्यावर वजन द्या, सायकल आत कलवा आणि स्वतः तिच्यापेक्षा कमी कला. पुढचं चाक वाटेच्या बाहेरच्या काठाजवळून जाऊ द्या, कारण मागचं चाक नेहमी आतून कापत येतं.

चार दगड मांडून सपाटीवर आठचा आकडा काढत बसा. लोक हसतात. हसू द्या.

मुळं आणि ओले दगड?

मुळाला शक्यतो काटकोनात भिडा. तिरकं गेलात तर चाक मुळाच्या कडेने घरंगळतं, आणि ओलं असेल तर क्षणात. त्यावर ब्रेक नको, जोरात पेडल नको, हँडल वळवणं नको. आधी वेग ठरवायचा, मग अंग सैल सोडून पार व्हायचं. शेवाळलेल्या दगडावर मी उतरून चालतो, आणि चालतानाही एकदा पडलोय.

उंच पायरीवरून उडी मारायची की उतरत जायचं?

पुढचं चाक खाली टेकेपर्यंत पेडलांजवळची चक्री कडेला लागत नसेल, तर उतरत जा. तोल पायांवर ठेवून, हात पुढे जाऊ देत सायकल खाली सोडायची. चक्री अडकणार असेल तर थोडा वेग आणि दोन्ही चाकं जवळपास एकाच वेळी खाली येतील अशी झेप लागते. ती आधी फूटपाथच्या कडेएवढ्या उंचीवर शिका. पायरी कितीही उंच असली तरी मी आधी खालची जागा बघतो. उतरल्यावर दोन मीटर मोकळी वाट नसेल तर तिथे माझा रस्ता पायीच.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे अर्धवट मन. कडेपर्यंत जाऊन तिथे ब्रेक आवळणं. थांबायचं असेल तर पाच मीटर आधी थांबा.

पाय टेकला तर ती फेरी धरायची का?

ट्रायल्स या अडथळ्यांवरून तोल सांभाळत जायच्या सायकल प्रकारात कित्येक वर्षं पाय टेकला की दंडगुण मोजले जात. मीही मोजतो, पण स्वतःला ओरडायला नव्हे. महिन्यापूर्वी नऊ होते, आता सहा, हे कळलं की कुठे अडतंय ते नेमकं समजतं. वेळ मोजणाऱ्या अॅपपेक्षा हा हिशोब मला खरा वाटतो. घड्याळ लावलं की माणूस वळणं कापायला लागतो, आणि कापलेल्या वळणावरून पहिल्या पावसाचं पाणी वाहतं.

क्लिपवाले बूट की साधी पेडल?

शिकताना साधी, रुंद, खिळ्यांची पेडल आणि सपाट तळव्याचे बूट. पाय क्षणात सुटला पाहिजे. फक्त नडग्यांची काळजी घ्या, ते खिळे कातडी सोलतात.

संरक्षणासाठी काय घालू?

हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, चष्मा. उंच पायऱ्या आणि मोठे खडक असतील तर हनुवटी झाकणारं हेल्मेट. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, आतला फोम एकदाच दबतो.

पडल्यावर घरी जाऊन बर्फ लावला की झालं ना?

नेहमी नाही. पडताना माणूस हात पुढे टाकतो, त्यामुळे गळ्याजवळचं हाड आणि मनगट ही नेहमीची गिऱ्हाइकं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर जो खळगा दिसतो, तिथे दाबल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आतलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ते कधी कधी दिसतही नाही. मी 'मुरगळलंय' म्हणत तीन आठवडे काढले होते. त्यानंतर प्लास्टरमध्ये किती काढले ते विचारू नका.

डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागलात, तर त्या दिवशी सायकल बंद आणि तपासणी. शेवटची खूण सोबतच्याला आधी कळते, तुम्हाला नाही.

एकटं जाऊ का?

ट्रेल छोटी म्हणजे मदत जवळ, हा भ्रम आहे. वाकडा पाय घेऊन अर्धा किलोमीटर चालणं फार लांब असतं. जायचंच तर कुणाला तरी परतायची वेळ सांगा, फोन पाठीवरच्या पिशवीत नको, हात पोचेल अशा खिशात ठेवा, आणि नवीन जागा एकट्याने करून बघू नका.

पावसानंतर लगेच चालवलं तर काय बिघडतं?

टायरचा ठसा मातीत खोल रुतत असेल किंवा चाकाला चिखलाचा लपका बसत असेल तर मागे फिरा. त्या चरातून पुढच्या सरीचं पाणी वाहतं, चर खोल होतो आणि वाटेचा ओढा बनतो. छोट्या ट्रेलवर तर त्याच जागेवरून शंभर चाकं जातात. डबकं आलं तर बाजूने नवी वाट पाडू नका, वाट दर पावसाळ्यात हातभर रुंद होत जाते.

समोरून कुणी आलं तर कोणी थांबायचं?

सायकलवाल्याने. पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट. दोन्ही सायकली असतील तर उतरणाऱ्याने थांबायचं, कारण चढणाऱ्याची लय एकदा तुटली की त्या खडीवर पुन्हा सुरुवात करणं महाकठीण. आंधळ्या वळणाआधी हाक किंवा घंटी.

अख्खी ट्रेल एकदाही पाय न टेकता झाली. आता दुसरी शोधू?

शोधा की. पण आधी दुसऱ्या दिवशी परत या. मला पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खाली थांबून दोघा-तिघांना फोन केले होते. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच जागेवर पाय टेकला. परवानगी असेल आणि वाट एकेरी नसेल तर उलट दिशेने चालवा, त्याच अकरा जागा अनोळखी होतात.

आणि वाटही तशीच राहत नाही. गेल्या पावसात त्या गुडघाभर खडकाच्या डावीकडची माती वाहून गेली आणि एक नवा दगड उघडा पडला. काळा पट्टा अजून दिसतो, पण तिथून आता जाता येत नाही. सध्या मी पुन्हा उजवीकडून प्रयत्न करतोय. परवा चक्री घासली.